वडप्याला उतरलेली नवरी

भिवंडी,
२८ एप्रिल २०२५

तीर्थरूप आत्यास,
सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र नेहमीसारखं वाड्याच्या गाडीवरच्या दामू कंडक्टरकडे देतेय. सोबत तुझ्या आवडीची नानकटाई आहे. दामूने वाटेत दोन खाल्ल्या तर ओरडू नकोस, एसटीचं भाडं समज. डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं तुझ्यासोबत असलेल्या जीवनदादाने पालघरहून कळवलं. आता नव्या डोळ्याने आधी आरशात बघ आणि मग मला सांग, म्हातारी कोण दिसतं ते. फोनच करणार होते, पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि माझ्या ओरडण्याने इथे सगळी चाळ गोळा होते. त्यापेक्षा आपलं पत्रच बरं.

इकडे लग्नसराईने जीव नकोसा केलाय. गाडीत पाय ठेवायला जागा नाही. मनोजची लूमवर रात्रपाळी आणि माझी दिवसाची ड्युटी, त्यामुळे आमचा संसार सध्या घराची चावी एकमेकांच्या हातात देण्यापुरता उरलाय. पण तक्रार नाही. चावी देताना तो हसतो, मी पण हसते.

काल मात्र माझ्या गाडीत जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. नाशिकची गाडी होती, ड्रायव्हर केसरीनाथदादा. भिवंडी स्टँडवर एक नवरी चढली. पिवळी साडी, हातभर हिरवा चुडा, पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. सोबत नवरा, एक जाडजूड बाई आणि आणखी एक बाप्या. नवरा वयाने जरा थोराडच वाटला, पण आपल्याला काय करायचंय. बाप्याने माझ्याकडून सगळ्यांची नाशिकची तिकिटं काढली. पोर अशी हमसून हमसून रडत होती की पाठीमागच्या बाकांपर्यंत ऐकू यावं. ती बाई म्हणाली, आईविना वाढलेली आहे, घर सोडवत नाही. मला माझी पाठवणी आठवली. आठवतंय ना? एसटीच्या दाराचा दांडा मी सोडत नव्हते, आणि तू एकेक बोट सोडवून मला आत ढकललं होतंस!

मला कुठे गप्प बसवतं? केसरीनाथदादांनी दत्ताच्या तसबिरीपुढे ठेवलेला नारळ मागून घेतला, घरी न्यायचे तांदूळ पिशवीत होतेच, एका आजींनी बोचक्यातून कोरा खण काढून दिला, आणि चालत्या गाडीत मी त्या पोरीची ओटी भरली. कशेळीच्या दोन बायकांनी तर चक्क लग्नातला धवला गायला घेतला. लग्नघरच झालं गाडीचं. पोर नमस्काराला वाकली ती माझे पाय सोडीचना. मग मीही तुझ्यासारखीच एकेक बोट सोडवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि सांगितलं, रडू नको गो बाय, सगळं चांगलं होईल. निम्मी गाडी डोळे पुसत होती.

आणि ऐक गंमत. नाशिकची तिकिटं काढलेली ही मंडळी वडप्यालाच उतरली! नाक्यावर पांढरी मोटार उभी होती. मी केसरीनाथदादांना म्हटलं, गोदामवाले दिसतात, पैसा उतू चाललाय, पोरीचं नशीब फळफळलं. नवरीच्या मांडीवर पेटी नाही, बॅग नाही, शाळेचं दप्तर होतं. खिशावर हिरव्या धाग्याने पोपट भरलेला. सासरी जाऊन शिकणार असेल. मला फार बरं वाटलं.

डोळ्यात औषध वेळेवर घाल. लोभ आहेच, तो नव्या डोळ्यातूनही तसाच राहू दे.

तुझी,
सुकन्या

---

खैरपाडा, ता. वाडा,
५ मे २०२५

चि. सौ. सुकन्यास,
आनंदीआत्याचे अनेक आशीर्वाद.

कालच पालघरहून घरी आले. तुझं पत्र आणि खाऊ दामूने शेजारी ठेवलाय म्हणे, पण शेजारीण दाराला कुलूप घालून माहेरी गेली. तुझं पत्र वाचायच्या आधीच हे लिहितेय, कारण थांबवत नाही.

मोरूने लेकीचं, भावीचं लग्न लावून दिलं. आमची भाविका ग. तिची आई गेली तेव्हा ती रांगत होती, माझ्या अंगणवाडीत माझ्याच मांडीवर वाढली. तू एकदा आली होतीस तेव्हा तिला शेंबडी म्हणाली होतीस आणि मी तुझ्यावर चिडले होते. यंदा दहावीला बसली. अजून सोळा पुरी नाहीत. मी गावात असते तर मांडवात आडवी पडले असते, आणि ते माहीत होतं म्हणूनच मी पालघरला असताना सगळं उरकलं.

स्थळ कुठल्याशा बाईने आणलं. ती वीटभट्टीवर साड्या विकायला यायची. मुलगा मानकोलीला गोदामात सुपरवायझर आहे, हुंडा नको, खर्च आमचा, असं तिने सांगितलं. देवळात हार घातले आणि त्याच दिवशी पोरीला घेऊन गेले. मोरूला विचारलं, घर बघितलंस का, तर मान खाली घालून सांगतो, मानसा चांगली हायेत बाय, मी काय वाईट करन काय पोरीचा. भोळेपणाला औषध नाही. 

मानकोली तुला जवळ. एक सुट्टी काढ आणि पोरीचं घर शोध. तू तिला ओळखायची नाहीस म्हणून खूण सांगते. जाताना तिने शाळेचं दप्तर सोडलं नाही म्हणे. त्याचा खिसा फाटला होता, त्यावर मीच हिरव्या धाग्याचा पोपट भरून दिलाय. चोच जरा वाकडी झाली आहे, डोळ्याला दिसत नव्हतं. तेवढं बघून ये आणि खुशाल असल्याचं कळव, म्हणजे मी गप्प बसते.

मनोजरावांना आशीर्वाद. जेवणखाण सांभाळ.

तुझी,
आत्या

---

भिवंडी,
७ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

एव्हाना शेजारीण आली असेल आणि तू माझं पहिलं पत्र वाचलं असशील. सरपंचांच्या घरी फोन लावला होता. त्यांच्या सूनबाईने तुला बोलावते म्हटलं आणि मीच ठेवून दिला. ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

ती भावी होती. पोपटाची चोच वाकडी होती, आत्या. मला तेव्हा हसू आलं होतं.

मी मानकोलीला जाऊन आले. मनोज सोबत होता. गोदामांच्या फाटकांवरचे वॉचमन, चहाच्या टपऱ्या, कामगारांच्या खोल्या, सगळीकडे विचारलं. नुकतंच लग्न झालेला असा सुपरवायझर कुणाला माहीत नाही. लोक मराठीत नाही म्हणाले, हिंदीत नाही म्हणाले. मग वडप्याच्या नाक्यावर जाऊन उभी राहिले. तिथून ट्रक कुठे कुठे जातात ते तुला काय सांगू.

ती पाया पडत नव्हती ग. ती मला धरत होती. तिला एवढंच कळलं असेल की ही खाकीतली बाई गाडी थांबवू शकते. आणि गाडी माझ्या एका घंटीवर थांबली असती. मी घंटी मारली ती वडप्याला, त्यांना उतरवायला. नवरी रडतेय म्हणून सगळी गाडी हळहळली, पण ती का रडतेय हे एकानेही विचारलं नाही. नवरीने रडायचंच असतं ना!

आमच्या वाहतूक निरीक्षक शुभदा मॅडमना सगळं सांगितलं. त्या मला रागावल्या नाहीत, पर्स उचलली आणि थेट पोलीस ठाण्यात घेऊन गेल्या. मी आणि केसरीनाथदादांनी जबाब दिला, स्टँडवरच्या कॅमेऱ्याचं चित्रणही पोलिसांनी मागवलंय. पण मोरूभाऊंनी तिकडे तक्रार द्यायला हवी. पोरगी सोळाचीही नाही एवढं त्यांनी सांगितलं तरी काम पुढे सरकेल. त्यांना धरून ने. आणि भावीचा फोटो पाठव.

पुढे काय लिहू कळत नाही. लोभ कर असं म्हणायला मला तोंड नाही.

सुकन्या

---

खैरपाडा,
१८ मे २०२५

चि. सुकन्यास,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. खोटं कशाला लिहू, मला तुझा राग आला होता. तुझं ते पहिलं पत्र वाचलं, त्यातली नारळाची आणि धवल्याची हकिकत वाचली आणि कागद चुलीत घालावासा वाटला. मग वाटलं, भावीला शेवटचं बघितलेलं माणूस म्हणजे तूच. मग पुन्हा वाचलं. ती कशी बसली होती, काय नेसली होती, तेवढंच मला तुझ्या पत्रातून मिळतं.

मोरू आधी तयार होईना. लेक सासरी गेली हाय, बापाने ठाण्यात जाऊन तिची अब्रू घालवायची काय, असं म्हणत होता. मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसले आणि सांगितलं, की तुझ्या जावयाचं आडनाव सांग, मी घरी जाते. तो बराच वेळ आठवत राहिला. आठवण्यासारखं काही नव्हतंच त्याच्याकडे. मग असा रडला, सुकन्या, गडी माणूस असा रडलेला मी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही तक्रार देऊन आलो. ती साडीवाली बाई अर्थातच पुन्हा फिरकली नाही.

दहावीचा निकाल लागला. भावी पास झाली. गणितात सगळ्यात जास्त मार्क आहेत. शाळेतल्या बाईंनी पेढा हातावर ठेवला तो मी पदरात बांधून आणला, तिला द्यायचा म्हणून. घरी आल्यावर लक्षात आलं.

फोटो पाठवतेय. शाळेने परीक्षेसाठी काढलेला आहे, त्यात ती घाबरलेली दिसते, पण नाकडोळे स्पष्ट आहेत. एक प्रत माझ्याकडे राहू दिली आहे.

माझा राग संपला असं नाही. पण तू माझी आहेस, ते काही बदलत नाही. जेवत जा.

तुझी,
आत्या

---

भिवंडी,
२९ जून २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी रोज वाचते. राग आहे ते लिहिलंस, बरं झालं. इथे सगळे माझी समजूत काढतात, तेच सहन होत नाही.

भावीचा फोटो कामाला लागलाय. शुभदा मॅडमनी वरून मंजुरी आणून तो आगारा-आगारांत पाठवला, पण कागद भिंतीवर चिकटवला की त्याच्याकडे कोण बघतं? तेव्हा मी आपली रीत वापरली. आपण नाही का डबे, औषधं, नानकटाई या गाडीवरून त्या गाडीवर देतो? तसाच दामूने तो जव्हारच्या गाडीवर दिला, केसरीनाथदादांनी नाशिकला, तिथून धुळ्याच्या गाडीवर. प्रत्येकाने पुढच्याला हातात देताना सांगायचं, ही आमच्या सुकन्याच्या आत्याची पोर आहे. हातातून हातात दिलेली वस्तू एसटीत हरवत नाही, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

मॅडमनी आमच्या आगारात वर्गही घेतला. एका संस्थेच्या ताई आल्या होत्या. त्या सांगत होत्या, की मुलीला विचारलं तर उत्तर दुसरंच कुणी देतं का ते बघा. मी मनात म्हटलं, हे होतं. तिकीट लांबचं आणि उतरायचं अलीकडेच. हेही होतं. अंगावर लग्नाचे कपडे आणि सामान म्हणून नुसतं दप्तर. आत्या, मी उठून बाहेर गेले. नळाखाली तोंड धरलं आणि परत येऊन बसले, कारण पुढचं ऐकायचं होतं. भांडण करायचं नाही, पोरीशी साध्या गप्पा मारायच्या, तिचं नाव-गाव तिच्याच तोंडून काढायचं, आणि शंका आली की पुढच्या स्टँडच्या नियंत्रकाला गुपचूप कळवायचं, नाहीतर मुलांच्या मदतीसाठीच्या एक शून्य नऊ आठला फोन करायचा. मितेश म्हणून आमचा एक कंडक्टर आहे, त्याने कुरकुर केली की सुटे पैसे, भांडणं, ओकाऱ्या सगळं आम्हीच निस्तरायचं, आता पोलीसही आम्हीच व्हायचं का? मॅडम म्हणाल्या, पोलीस होऊ नका, चौकस व्हा. नाहीतरी तुम्ही प्रवाशांच्या सात पिढ्या विचारताच. सगळे हसले. मलाही हसू आलं, आणि मग हसल्याची लाज वाटली.

गेल्या आठवड्यात शहापूरच्या गाडीत एक नवरी रडत होती. मी तिला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, सासरचं गाव, दिराचं नाव, सगळं. नवऱ्याच्या आत्याने मला फाडून खाल्लं. तिकीट फाडतेस की सोयरीक जुळवतेस, असं सगळ्या गाडीसमोर म्हणाली. पोर मात्र रडता रडता हसली आणि दिराच्या तीन खोड्या सांगितल्या. खरंच नवरी होती. मला इतकं हायसं वाटलं की मीच रडले.

पण हे मला झेपत नाही. कुणी पाया पडायला वाकलं की माझ्या अंगावर काटा येतो. आरक्षणाच्या खिडकीवर बदली मागितली आहे. मॅडमनी अर्ज ठेवून घेतलाय. काचेआड बसेन, पाय कुणाला दिसणार नाहीत.

मोरूभाऊंना माझा नमस्कार सांगशील? सांगवत नसेल तर राहू दे.

तुझीच,
सुकन्या

---

खैरपाडा,
२० जुलै २०२५

चि. सुकन्यास,
आशीर्वाद.

मोरूला नमस्कार सांगितला. तो नंतर पडवळ घेऊन आला आणि म्हणाला, भिवंडीला पाठवा. दामूकडे दिलेत. कोवळे आहेत, लगेच कर.

तो हल्ली भाताची लावणी सोडून फाट्यावर बसतो. गाडी आली की उठतो आणि खिडक्याखिडक्यांतून बघतो. ड्रायव्हर आता त्याच्यासाठी गाडी जरा जास्त वेळ उभी करतात. मी त्याला बोलायचं सोडून दिलंय.

एक गोष्ट लिहायची होती. तुझ्या पाठवणीला मी तुझी बोटं सोडवली, कारण मनोजरावांचं घर मी स्वतः चार वेळा बघून आले होते. विहिरीचं पाणीसुद्धा चाखून आले होते. तू ते डोक्यात घेतलंस, की नवरीची बोटं अशीच सोडवायची असतात. तुला दुसरं कुणी शिकवलंच नव्हतं. हे मी रात्र रात्र विचार करून लिहितेय, तेव्हा नीट वाच.

बदलीचं तुझं तू ठरव. पण खिडकीवर बसलेल्या बाईला कोण दिसतं ग? तिकीट काढायला येतो तो बाप्या दिसेल. पोर तर लांब बाकावर बसलेली असेल.

इकडे ये एकदा. मी काही बोलणार नाही.

तुझी,
आत्या

---

भिवंडी,
९ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. भावी सापडलेली नाही, हे आधीच लिहिते, म्हणजे तू भलत्या आशेने पुढे वाचणार नाहीस. पण तिची खबर आली आहे.

दिवाळीच्या गर्दीत धुळ्याच्या स्टँडवर प्रितेश नावाच्या कंडक्टरच्या गाडीत एक मुलगी चढली. तिकिटं सोबतच्या माणसाने काढली. प्रितेशने पोरीलाच विचारलं, की ताई, कुठल्या शाळेत होतीस? ती बोलली नाही, पण तिने त्याची बाही धरली. त्याने ती सोडवली नाही, आत्या. बाही तिच्या हातात तशीच ठेवून त्याने ड्रायव्हरला हाक मारली, की मागचं चाक बसलंय वाटतं, गाडी हलवू नका. चाक धडधाकट होतं. पोलीस येईपर्यंत दोघं चाकाभोवती फिरत राहिले आणि प्रवाशांच्या शिव्या खात राहिले. तो माणूस पकडला गेला. मुलगी आपल्या जव्हारकडची आहे, आता बालगृहात आहे.

नियंत्रकाच्या खोलीत बसवलं तेव्हा समोरच भावीचा फोटो होता. तिने बोट दाखवलं आणि म्हणाली, मी हिला ओळखते. शुभदा मॅडमना निरोप आला. पोलीस आणि बालगृहाच्या ताईंची परवानगी घेऊन मॅडम मला त्या मुलीला भेटायला घेऊन गेल्या.

दोघी काही दिवस एका घरात कोंडलेल्या होत्या. मग भावीला पुढे नेलं, उत्तरेकडे कुठेतरी, या मुलीला ठाऊक नाही. तिने सांगितलेल्या खुणांवरून पोलीस पथक गेलंय. भावी तिला गणितं शिकवायची म्हणे, बोटाने जमिनीवर. दप्तर जवळच होतं. मारायचे का असं मी विचारलं नाही. तिने पण सांगितलं नाही.

मी कोण आहे हे त्या मुलीला माहीत नव्हतं, मी साध्या साडीत होते. तीच सांगायला लागली, की भावीने एक नारळ जपून ठेवला होता, कुणाला फोडू देत नव्हती. ही रडायला लागली की भावी तो तिच्या हातात द्यायची. सांगायची, की एसटीतल्या खाकीवाल्या बाईने माझी ओटी भरली आहे. मी तिचे पाय घट्ट धरले होते, तिला सगळं कळलंय. सगळ्यांसमोर काही बोलता येत नव्हतं, म्हणून तिने फक्त डोक्यावर हात ठेवला आणि सगळं चांगलं होईल म्हणाली. ती बाई येईल बघ.

आत्या, मला काहीही कळलं नव्हतं ग.

 भिवंडीला पोचल्यावर मॅडमनी ड्रॉवरमधून माझा बदलीचा अर्ज काढून टेबलावर ठेवला. मी तो परत घेतला. नाशिकचीच ड्युटी मागून घेतली आहे. वडपे आलं की मी दारात उभी राहते.

मोरूभाऊंना एवढंच सांग, की पोरगी गणितं शिकवत होती. नारळाचं त्यांना सांगू नकोस, ते तुझ्या-माझ्यात राहू दे.

येत्या रविवारी खैरपाड्याला येते. तुझ्यासमोर बसून रडायचंय, तेवढं रडू दे. सोमवारी पहाटेच्या गाडीने परत निघेन. माझी ड्युटी आहे, आणि ती पोर कुठेतरी माझी वाट बघतेय.

तुझी,
सुकन्या